अप्पांची झाकलेली बादली

लातुरात आमच्या गल्लीतल्या घरांची अब्रू देव्हाऱ्यातही नसते आणि कपाटातही नसते. ती दारातल्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत असते. रोज सकाळी शेजारचे शिवलिंगअप्पा येऊन तिचं झाकण उचलतात.

अप्पांनी उभा जन्म मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीवर काढला. मूठभर तूर हातात घेतली की ती कुठल्या शिवारातली ते सांगायचे. आता मोंढा सुटला, पण हात सुटला नाही. परसात भोकं पाडलेले ड्रम मांडलेत. त्यांत आमची सालं, वाळला पाला, शेण, वर आंबट ताकाचा शिपका. तयार झालेलं काळंभोर खत गल्लीतल्या जास्वंदींना फुकट.

फुकट कसलं! अप्पा बादली नुसती नेत नाहीत, वाचतात. तेही सौदा पुकारल्यासारखं, टिपेच्या आवाजात.

"बटाट्याची सालं लई जाड निघालीत! सूनबाई रागात हाय वाटतं?"

सूनबाई आत पळते. सासू दाराबाहेर येतच नाही.

"अन् लिंबं कुणी टाकली? माझी गांडुळं तोंड वाकडं करत्यात! बादली खोटं बोलत न्हाई, बरं का!"

मला साखरेचा आजार. परवाच्या उन्हाळ्यात मी भोपळ्याच्या सालांखाली आंब्याच्या कोया पुरल्या. कुणाला दिसणार, म्हणून निर्धास्त दात घासत उभा होतो.

"अक्का," अप्पांनी माझ्या बायकोला हाक मारली, "ह्या कोया कुणी चोखल्या? पार पांढऱ्या केल्यात! अन् ही दाताची खूण बघा. मधी फट हाय. सर, जरा हसून दाखवा."

मी बनियनवर होतो. त्या क्षणी तेही अंगावर नसल्यासारखं वाटलं. पुढं कितीतरी दिवस दूधवाला माप घालताना विचारायचा, "सर, साखर कशी हाय?"

सूड घ्यायचा तर अप्पांचीच बादली बघायला हवी होती. पण ती कायम फडक्यानं बांधलेली. त्यांची बायको नीलाअक्का गेल्यापासून अप्पा एकटेच. शेजारणींनी ताट पाठवलं की परत यायचं. "मला काय धाड भरलीया? आज भरली वांगी केलीत, तेल सुटूस्तोवर!" त्या वांग्यांची वर्णनं ऐकून आमच्या तोंडाला पाणी सुटायचं.

मग आली येळवस. वेळ अमावस्येला सगळं लातूर शेतात जाऊन भज्जी, म्हणजे ओल्या दाण्यांची घट्ट भाजी, आणि आंबील खातं. आदल्या दिवशी घरोघरी भज्जीसाठी तूर, वाटाणा, हरभरा सोलायची झुंबड. टरफलांचे ढीग! अप्पांची खरी दिवाळी तीच.

सोलायच्या त्या दिवशी सकाळी पुण्याहून त्यांचा मुलगा महेश येणार होता. आदल्या संध्याकाळी फोनवरचं बोलणं भिंतीपलीकडून मला ऐकू आलं होतं.

"न्हाई येत मी पुण्याला. ड्रम कोण बघंल? ...आरं, जेवतो की! भज्जीची सगळी तयारी केलीय. येऊन बघ, मग बोल."

गल्लीतली टरफलं गोळा करायला अप्पा आपली बादली घेऊन फाटकातून निघाले आणि समोर रिक्षा थांबली. महेश पाठमोरा होऊन बॅगा उतरवू लागला. तेवढ्यात गल्लीतल्या बोकडानं बादलीचं फडकं ओढलं. बादली आडवी झाली.

चहापत्ती. भिजलेली, काळी, नुसती चहापत्ती. एक देठ नाही, एक साल नाही.

अप्पा खाली वाकले आणि दोन्ही हातांनी ती झाकू लागले. मोंढ्यात पोती हलवणारे ते हात. मला वर बघवेना. हीच बादली बघायला मी टपून होतो.

मी शाळेच्या नाटकात कायम भालदार असायचो. त्या दिवशी मात्र मुख्य भूमिका केली. आमची टरफलांनी भरलेली बादली उचलली, बोकडाला अडखळलो आणि अप्पांच्या पायाशी साष्टांग कोसळलो. हिरवागार ढीग चहापत्तीवर पसरला.

"अरारा! अप्पा, तुमच्या शेंगांत पाय घातला की हो मी!"

महेश वळला. "अप्पा, एवढ्या शेंगा तुम्ही सोलल्या?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. कान लाल झाले होते.

"व्हय," ते म्हणाले. गल्लीनं त्यांचा इतका बारीक आवाज कधी ऐकला नव्हता.

मी महेशला आमच्या ओट्यावर चहाला बसवून ठेवलं. तेवढ्यात परसातल्या भिंतीवरून माझ्या बायकोनं सोललेल्या दाण्यांचं पातेलं पलीकडं उतरवलं. आमची भज्जी त्या वर्षी पातळ झाली. महेश एकटाच पुण्याला परतला.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पा आमच्या दारात आले. झाकण उचललं आणि ते तसंच हातात धरून उभे राहिले.

"वाचा की अप्पा," मी म्हणालो.

त्यांनी बोटानं वरचा थर हलवला. "दोडक्याची सालं दिसत्यात." मग थांबून, "कवळी हायेत. आमची ही टाकत नव्हती. चटणी करायची."

"चटणी केलीय अप्पा," आतून बायको म्हणाली. "उरली तेवढी सालं बादलीत गेलीत. हात धुवा अन् या."

मला वाटलं, आता 'काय धाड भरलीया' येणार. अप्पा नळाकडं गेले.

जेवताना मान वर केली नाही. उठताना मात्र ताटातलं मिरचीचं देठ चिमटीत धरलं, दाराबाहेर गेले आणि आपल्या बादलीत टाकलं. फडकं बांधलं नाही.