आटलेल्या विहिरीची पैसेवारी

अर्जुनरावांची उजव्या गालाची दाढी झाली होती आणि डाव्या गालाला फेस लावून बंकट वस्तरा पुसत होता, तेवढ्यात ते खुर्चीतून ताडकन उठले. दिंद्रुडच्या स्टँडसमोरच्या त्या सलूनमध्ये बाकावर नंबर लावून बसलेल्या बन्सी जोगदंडांना वाटलं, वस्तरा लागला. पण रक्त कुठं दिसेना. अर्जुनराव आरशाखालच्या फळीवर ठेवलेल्या बंकटच्या मोबाइलकडं बोट करून उभे होते. मोबाइलवर गिटार करवादत होती आणि एक मुलगी जीव तोडून ओरडत होती.

“हे कुनाचं हाय बे?”

“मालक, आपल्या बन्सीसाहेबांच्या आम्रपालीचं. रविवारी आपल्याच हॉलमधी प्रोग्राम हाय की. तुमीच तर तारीख दिली.”

“तारीख दिलती. गानं ऐकलं न्हवतं.” अर्जुनराव बन्सींकडं वळले. “बन्सीभाऊ, ही माझी कॅसेट हाय.”

“दादा, कॅसेट न्हाई. मोबाइल हाय त्यो,” बन्सी म्हणाले. चौतीस वर्षं तलाठ्याची नोकरी केलेला माणूस. समोर जे दिसेल तेच बोलायची सवय.

अर्जुनराव दोन वेळा पंचायत समितीचे सभापती होते. गावचा हॉल ज्या संस्थेचा, तिचे ते अध्यक्ष. पांढरे कपडे, पांढरं उपरणं आणि चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी दहाव्याला निघाल्यासारखं गांभीर्य. हा माणूस एकोणनव्वद साली अंबाजोगाईच्या कॉलेजात खांद्यापर्यंत केस वाढवून गिटार वाजवत होता, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ते त्यांनी त्या दिवशी अर्ध्या दाढीनं उभं राहून सांगितलं. चार मित्रांचा रॉक बँड होता, नाव ‘खडकफोड’. एकच कॅसेट निघाली, दोनशे नग. नाव ‘आटलेली विहीर’.

आम्रपालीच्या बँडचं नाव ‘लोडशेडिंग’. अल्बमचं नाव ‘कोरडा बंधारा’. ऐकणारे दोन लाख.

“रविवारचा प्रोग्राम तहकूब,” अर्जुनराव म्हणाले. “आधी निकाल लागू द्या.”

“निकाल द्यायचा कुनी?” बंकटनं विचारलं. त्याला निकालापेक्षा डाव्या गालाची काळजी होती. फेस वाळत चालला होता.

“बन्सीभाऊ देतेल. त्यांनी खोटी नोंद केल्याली म्या कदी पायली न्हाई. पोरगी त्यांची असली म्हनून काय झालं? करा पंचनामा.”

आणि ते तसेच निघून गेले. बन्सींनी मनातल्या मनात त्या वाक्याची मोजणी केली. अर्धी तारीफ होती, अर्धा फास होता. साम्य लिहावं तर लेकीचा कार्यक्रम गेला. नाही लिहावं, तर बापानं लेकीची बाजू घेतली असं गाव म्हणणार. आणि हा कार्यक्रम त्यांना हवा होता. पुण्यात झाले, नाशकात झाले, नागपुरात झाले. गावात मात्र कुणी विचारलं की ते सांगायचे, पोरगी गाते. आणि समोरचा हमखास विचारायचा, कुठं? रविवारसाठी बन्सींनी हॉलमध्ये जाऊन स्वतःची खुर्चीसुद्धा पाहून ठेवली होती. दुसरी ओळ, कडेची. पहिली ओळ पुढाऱ्यांची असते.

आम्रपाली घरी आली होती. तिला आधी हसू आलं.

“पप्पा, रॉकमध्ये हे चालतंच. पन्नास वर्षांपूर्वीचा बँड आणि आत्ताचा बँड शेजारी ठेवायचे आणि कुणासारखं कोण, यावर लोक तासन्‌तास भांडतात. शौक असतो तो.”

“शौक तुमच्याकडं. इथं हरकत आली की पंचनामा.”

“अहो, मी त्यांची कॅसेट ऐकलेलीसुद्धा नाही!”

“तसा जबाब दे. लिहून घेतो.”

दोन अल्बमांची तुलना करायचा छापील नमुना सरकारनं काढलेला नव्हता. बन्सींना एकच नमुना तोंडपाठ होता, पीक पैसेवारीचा. त्यांनी तोच घेतला. ‘पिकाचे नाव’ खोडून ‘गाण्याचे नाव’ केलं. शेजारी दोन रकाने आखले, साम्य आणि फरक.

गुरुवारी अकरा वाजता हॉलमध्ये पंच जमले. एक बंकट, कारण गावात चालू स्थितीतला टेप फक्त त्याच्याकडं होता. दुसऱ्या विमलबाई, अंगणवाडीच्या, कारण ओरडण्यातला फरक त्यांना रोजच्या कामामुळं कळतो, असं बन्सींचं मत होतं. अर्जुनरावांच्या मागून त्यांच्या पत्नी केसरबाई आल्या. त्यांच्या हातात स्टीलचा डबा, डब्यात फडक्यात गुंडाळलेली कॅसेट. जगातली एकुलती एक.

“बाकीच्या एकशे नव्व्याण्णव?” बन्सींनी विचारलं.

अर्जुनराव खिडकीकडं पाहू लागले. “पहिल्या निवडणुकीला उभा राह्यलो तवा म्याच घरोघर फिरून गोळा केल्या. जाळल्या. कव्हरवर केसाळ फोटो होता. लोक हसले असते.”

कव्हरपासून सुरुवात झाली. जुन्या कव्हरवर चार जण विहिरीच्या काठावर उभे. आम्रपालीच्या मोबाइलमधल्या चित्रात चार जण बंधाऱ्यावर उभे. बन्सींनी चष्मा पुसून नोंद केली : ‘दोन्ही ठिकाणी इसम चार. एकही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. आपसात भांडण झाल्यासारखे उभे.’

“रॉकमध्ये तसंच उभं राहतात,” आम्रपाली म्हणाली.

“आमीबी तसंच उभं राहिलतो,” अर्जुनराव म्हणाले, आणि तिच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

मग गाणी. एक जुनं, एक नवं, असं आलटून पालटून. टेपचा पट्टा सैल असल्यानं तरुण अर्जुनरावांचा आवाज तहानलेल्या रेड्यासारखा येत होता, पण त्यात जोर होता. पहिलं गाणं संपलं तशी बन्सींनी पेन उचललं.

“बोला पंच, गान्याला शंभरात किती?”

“चाळीस,” बंकट म्हणाला.

“अडोतीस लिवा, साहेब,” विमलबाई म्हणाल्या.

पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत आली की दुष्काळ जाहीर होतो आणि सरकारी मदत मिळते. म्हणून पीक कमरेइतकं उभं असलं तरी गावातला प्रत्येक माणूस आकडा खालीच ओढतो. ती खोड अंगात इतकी मुरलेली, की अर्जुनरावही बोलून गेले, “पन्नासच्या आतच ठेवा बरं का, बन्सीभाऊ.” आणि मग दचकले. “थांबा! गानं माझं हाय!”

“मंग वाढवू का?”

“वाढवा की!”

“मालक,” बंकट समजुतीनं म्हणाला, “वाढवलं तर दुष्काळ बसत न्हाई.”

आम्रपालीच्या पहिल्या गाण्याला एक्केचाळीस मिळाले. “पप्पा, दोन लाख लोकांनी ऐकलंय ते!” “पंचांचा आकडा हाय,” बन्सी म्हणाले, आणि मान वर न करता लिहीत राहिले.

खरं तर साम्य डोळ्यांवर येत होतं. दोन्हींत पहिल्या गाण्याआधी पाण्याचे थेंब पडत. दोन्हींत तिसरं गाणं संथ. दोन्हींत गिटार गरजेपेक्षा जास्त वेळ चाले आणि सगळे संपलं म्हणून हलले की पुन्हा सुरू होई. बन्सींनी ते सगळं लिहिलं, पण पेन्सिलीनं. फरक मात्र ते शाईनं लिहीत होते. जुन्यात रहाटाची करकर आहे, नव्यात टँकरचा हॉर्न. जुन्यात पाणी देवाकडं मागितलंय, नव्यात कलेक्टर ऑफिसकडं. नव्यात ड्रमच्या जोडीला हलगी आहे, जुन्यात नाही. चौथ्या गाण्यापर्यंत फरकाचा रकाना भरून समासात शिरला होता आणि बन्सींना रविवारची कडेची खुर्ची दिसू लागली होती.

“आता दुसरी बाजू लाव,” अर्जुनराव म्हणाले. “आसली गानी दुसऱ्या बाजूला हायेत. पाचवं ऐका. तिच्या पाचव्याशी तंतोतंत.”

केसरबाई डब्याचं झाकण घट्ट धरून बसल्या होत्या. बंकटनं कॅसेट उलटी केली. थोडी खरखर झाली. मग पंधरा-वीस बायका एकदम हळदीचं गाणं म्हणू लागल्या. मध्येच एक जण खोकली. कुणीतरी म्हणालं, “अगं, टेप चालू हाय का बघ.”

बराच वेळ हॉलमध्ये फक्त हळद चालू होती.

“ही छबुबाईची हळद,” केसरबाई हळूच म्हणाल्या. “माझ्या धाकट्या बहिनीची.”

“कॅसेटच्या कडेची टिकली तर म्या मोडल्याली होती,” अर्जुनराव म्हणाले. “वरून दुसरं काही भरून पुसली जाऊ नये म्हनून.”

“म्या कापूस भरला त्या खाचंत.”

“कावून?”

“नवी कॅसेट आना म्हनलं तुमाला. तुमी म्हनला, कपाटातली घे एखादी. एकच होती.”

 अर्जुनरावांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं आणि पुन्हा सोडलं. बंकटनं टेप बंद केला. असल्या वेळी काय करतात ते त्याला माहीत नसल्यानं त्यानं तो उगाच पुसलाही.

बन्सींना वाईट वाटलं, आणि त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं याची त्यांना लाज वाटली. नियम मात्र सरळ होता. पुरावा नाही तिथं हरकत टिकत नाही. त्यांनी शाईचं पेन उचललं आणि शेवटच्या ओळीत ‘साम्य’ एवढा शब्द लिहिला.

“पुढं काय लिवताय?” अर्जुनरावांनी विचारलं.

“आढळत न्हाई. हरकत निकाली. तुमच्यावर काही ठपका न्हाई, दादा.”

“तसं लिवू नका.”

“अहो, नाहीतर रविवार...”

“रविवार घ्या! पुढचा घ्या, वरीसभर घ्या हॉल. हरकत मागं घेतली म्या. पर साम्य हाय म्हनून लिवा.”

बन्सींचं पेन हवेत राहिलं. “दादा, साम्य लिहिलं तर माझी पोरगी चोर ठरती.”

“आन न्हाई लिवलं तर मी कुनीच ठरत न्हाई.”

हे ते इतक्या हळू बोलले, की विमलबाईंना पुढं वाकून ऐकावं लागलं. मग स्वतःच सावरून म्हणाले, “दोन लाख लोकांनी हिचं ऐकलं, बन्सीभाऊ. हिचं माझ्यासारखं असंल, तर माझंबी... तुमीच बघा.”

“पर दादा, पुरावा?” बन्सी म्हणाले.

अर्जुनराव उठले. उपरणं काढून घडी घातली आणि केसरबाईंच्या हातात दिलं. भाषणाला उभं राहताना ठेवतात तसे हात मागं ठेवले, मग तेही सोडले, आणि पाचवं गाणं म्हणायला लागले.

पहिली ओळ घशातच अडकली. दुसरी अर्धी आली. तिसऱ्या ओळीला मात्र दोन वेळच्या सभापतींच्या तोंडून अशी आरोळी निघाली की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आम्रपालीनं सोबत आणून कोपऱ्यात ठेवलेली गिटार घेतली आणि त्यांच्या मागोमाग वाजवू लागली. दुसऱ्या कडव्यात तर ती त्यांच्याही आधी पुढच्या वळणावर जाऊन उभी राहिली, आणि अर्जुनराव डोळे मिटून तिथंच येऊन पोचले. बन्सींना सुरातलं काही कळत नव्हतं. पण मोजणीची साखळी ओढत नेली आणि नेमकी हद्दीच्या दगडावर टेकली, की तलाठ्याच्या हाताला कळतं. तसं त्यांना कळलं.

गाणं संपलं. अर्जुनराव धापा टाकत होते. केसरबाई त्यांच्याकडं टक लावून पाहत होत्या, एवढ्या वर्षांत घरात कोण राहत होतं ते आत्ता कळल्यासारख्या.

“किती, पंच?” बन्सींनी विचारलं.

“साहेब,” विमलबाई म्हणाल्या, “ह्ये काय पन्नासच्या आत बसत न्हाई.”

“पप्पा,” आम्रपाली म्हणाली, “मला हे गाणं ठाऊक नव्हतं, आणि माझ्या गाण्यासारखंच आहे. दोन्ही लिहा. कुणी चोर ठरत नाही.”

बन्सींनी पेन टेकवलं. शेवटच्या ओळीतल्या ‘साम्य’पुढं लिहिलं : ‘निर्विवाद. दोन्ही अल्बमांचा उगम एकाच अवर्षणात दिसतो. एकाने दुसऱ्याचे पाणी ओढल्याचे आढळले नाही.’ मग कागद उलटवून वरच्या पेन्सिलीच्या नोंदी एकेक करून शाईनं गिरवल्या. त्याला बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

बंकटनं सही केली, विमलबाईंनी केली. अर्जुनरावांनी हरकतदाराच्या जागी सही केली आणि हाताच्या सवयीनं खाली हुद्दा लिहिला, ‘माजी सभापती’. थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं. मग तो एका रेघेनं खोडला आणि शेजारी लिहिलं, ‘गायक’.

कागद बन्सींकडं परत आला. त्यांनी समासात ‘खाडाखोड कबूल’ असं लिहिलं आणि खाली आपली छोटी सही केली.