बाबल मिस्त्रीचा तिसरा खांब

बाबल मिस्त्री खांबांशी बोलायचा. नुसता बोलायचा नाही, भांडायचासुद्धा. बोटाच्या पेराने टकटक करायची, खांबाला कान लावायचा आणि "खोटां बोलतंस!" म्हणून त्याला दम भरायचा. गिरगावात, ट्रामच्या रस्त्यावर, भर दुपारी! बघ्यांना फुकटचा तमाशा.

त्या दुमजली इमारतीत आमच्या शेठची कापडाची पेढी होती आणि मी तिथला कारकून. इमारतीची दर्शनी बाजू सगळी सागवानी. खाली चार खांब, वर कोरीव सज्जा, सज्जाखाली पोपटांची रांग. प्लेग आला तेव्हा सरकारी माणसांनी पोपटांसकट सगळ्याला चुना फासला, आणि पोपटांच्या कोंबड्या झाल्या. तिसऱ्या खांबावर लाल वर्तुळ काढलं, आत इंग्रजीत तारीख घातली. घरात प्लेगने माणूस गेलं की अशी खूण करत. आमच्या इमारतीत एकच वर्तुळ होतं. कुणाचं, ते मला ठाऊक नव्हतं. साथ आली तसा मी अलिबागला पळालो होतो, आणि परत आल्यावर विचारायला तोंड राहिलं नव्हतं.

पुढे साथ ओसरली. दिवाळीच्या पाडव्याला पेढी पुन्हा उघडायची आणि त्याआधी इमारतीचं तोंड पूर्वीसारखं करायचं, असं शेठने ठरवलं. मागच्या खोलीत राहणाऱ्या बाबलला काम मिळालं.

काम मात्र असं केलं की बघत राहावं. चुना खरवडून त्याने एकेक पीस मोकळं केलं. एका पोपटाची चोच तुटली होती. नवी बसवल्यावर पोपटालाच विचारलं, "बरी बसली मा?" पोपट काय म्हणाला कोण जाणे, पण बाबलने ती काढून पुन्हा बसवली.

सगळं झालं. राहिला तिसरा खांब.

"अरे, ते लाल चक्कर पयला काढ नी! गिराइक बघून पळते!" शेठ रोज ओरडायचा आणि रोज मला पिटाळायचा.

बाबलकडे सबबींना तोटा नव्हता. आज खांब ओलो आसा. आज खांबाचा डोक्या तापलाहा. आणि काहीच सुचलं नाही तर, "लाकडाक इचारूक व्हया."

धनत्रयोदशीच्या सकाळी शेठची सहनशक्ती संपली. मी तणतणत खाली आलो. "मिस्त्री, पुरे झाली तुमची नाटकं. उद्या शेठ दुसरा माणूस आणतोय. तो खांबावर सरळ रंधा मारणार."

बाबलच्या हातातली पटाशी खाली आली. इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "भाऊ, ह्या आत काय लिवलाहा, ता वाचून सांगशात?"

"तारीख आहे. का?"

"माझ्या बायकोची ती. ती गेली तेव्हा मी हास्पिटलात, तापात. खयच्या दिसाक गेली, माका कोणी सांगूकच नाय. भटजी म्हणता, तिथ म्हायत नाय तर सर्वपित्री अवशेक पान घाल. पण भाऊ, अवशेक सगळ्यांचेच येतत. ती भिडस्त. गर्दीत फुडे येवची नाय. मागेच उभी र्‍हवात, आणि पान संपान जायत."

"मग इतके दिवस विचारलं का नाही?"

"रोज इचारूचा म्हणी. धीर होय नाय."

मला माझी लाज वाटली. पेढीतलं गेल्या सालचं पंचांग आणलं, तारखेवरून तिथी काढली, आणि चूक नको म्हणून तीनदा ताडून पाहिली. माघ वद्य षष्ठी.

बाबलने ती चार वेळा म्हणून पाठ केली. मग पटाशी उचलली. एरवी खसाखस चालणारा तो हात त्या वर्तुळावरून इतका हळू फिरला की सकाळची दुपार झाली. पाडव्याला पेढी उघडली आणि शेठने मिस्त्रीची तोंडभर तारीफ केली.

माघात त्याने मला मुद्दाम बोलावलं. खोली सारवलेली, मधोमध एकच पान वाढलेलं, भोवती जागाच जागा. मी आत शिरणार, तोच त्याने मला उंबऱ्याबाहेर पाटावर बसवलं.

"तुमी जरा हयच बसा, भाऊ," तो कुजबुजला. "आधी तिका जेवांदे. सावकाश जेवांदे."