पेडलची उजवी बाजू

जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं होतं. बायको ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती, डॉक्टर खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून उभ्याउभ्या जेवत होते, आणि टेबलावर एक अॅल्युमिनियमचं खोकं मानाच्या पाहुण्यासारखं पोट उघडं टाकून उताणं पडलं होतं.

डॉक्टर दातांचे. गिटार शिकायची हौस त्यांना उशिरा आली आणि लवकर गेली, कारण गिटारनं बोटं दुखतात. दुसऱ्याला दुखवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे सहन होईना. त्यांनी गिटार भिंतीला टांगली आणि तिला जोडायची पेडलं बनवायला घेतली. गिटार आणि तिचा अँप्लिफायर यांच्यामध्ये, वादकाच्या पायाशी असतं ते पेडल. पायानं बटण दाबलं की सूर जाड होतो, खरखरतो, घुमतो. ज्या त्या पेडलची करणी. त्याचं किट घरपोच येतं. सुटे भाग, वायरी, रिकामं खोकं आणि एक सूचनांचा कागद. वायरींचे सांधे जोडायला डाख आपण द्यायचा, भोकं आपण पाडायची.

डॉक्टरांच्या पहिल्या पेडलनं कुकरसारखी शिट्टी मारली. दुसऱ्यानं काहीच केलं नाही, फक्त गरम झालं. थंडीत बायको त्यावर हात शेकत असे. हे तिसरं.

"अहो, टेबल कधी मोकळं होणार?"

"हे झालं की."

"हे झालं की दुसरं येईल. तुमचं म्हणजे मारुतीचं शेपूट."

"या खेपेला डाख बघ कसे आलेत. एकेक दाणा दाढेत चांदी भरल्यासारखा!"

"त्या दाढांनी चावायला टेबल लागतं," बायको म्हणाली.

खोक्याला भोकं पाडायचं काम घरी होईना, कारण ड्रिल सुरू केलं की खालच्या मजल्यावरून छताला काठी आपटली जाई. म्हणून डॉक्टरांनी खोकं आणि ड्रिल दवाखान्यात नेलं. एका पेशंटनं ऐनवेळी यायचं रद्द केलं होतं. डॉक्टरांनी दार लोटलं, खोकं पेशंटच्या खुर्चीत घट्ट बसवलं, भुगा सांडू नये म्हणून त्याच्या गळ्याशी कागदी रुमाल लावला, दिवा खाली ओढला आणि ड्रिल चालू केलं.

बाहेर बाकावर चार-पाच जण बसले होते. टेबलामागे बायको. दवाखान्याचा सगळा कारभार तिच्याच हाती. आतून घरघर सुरू झाली, ती थांबेचना. ती थांबली तेव्हा डॉक्टरांचा आवाज ऐकू आला. कामात रंगले की ते तोंडानं बोलत बसत. ही सवय पेशंट असो वा नसो.

"शाब्बास! एक झालं. आता त्याच्या शेजारी."

पुन्हा घरघर.

"छे, फारच कडक आहे. घासून मोठं करावं लागणार. अरे देवा, आरपार गेलं की!"

बाकावरच्या एका बाईंनी गालावरचा हात काढला. "आतला माणूस काहीच कसा बोलत नाही हो, वहिनी?"

"आत कोणी नाहीये," बायको खरं तेच बोलली. त्यानं उलटाच परिणाम झाला.

"राहू दे," आतून डॉक्टर प्रेमानं म्हणाले, "वाकडं झालं तर झालं. वर पांढरा रंग मारला की कोणाला कळतंय?"

डॉक्टर भुगा झटकत बाहेर आले आणि प्रसन्नपणे म्हणाले, "हं, पुढचं कोण?" बाकावर एकच आजोबा उरले होते, कारण त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं.

त्या दिवशी बायकोनं सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं.

"शनिवारी छोट्याचा कार्यक्रम आहे," बायको म्हणाली. छोट्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वाचनालयाच्या सभागृहात तो, एक गायिका आणि एक ड्रमवाला असे तिघं गाणार-वाजवणार होते. "हे त्याला द्या. स्टेजवर चाललं, तर टेबल तुमचं. मी जन्मभर मांडीवर जेवीन, तोंडातून ब्र काढणार नाही. नाही चाललं, तर रविवारी सगळं भंगारात. कबूल?"

"कबूल," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी जिवाचं रान केलं. खोक्याला दातासारखा पांढराशुभ्र रंग दिला. इतका सुरेख झाला की कुठली वायर कुठं घालायची ते वर लिहून तो खराब करायला त्यांचा हात धजेना. सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं, गिटारची वायर उजव्या बाजूला, अँप्लिफायरची डाव्या. आता दातांच्या डॉक्टरला उजवं-डावं शिकवायची गरज नसते. समोरच्याचं उजवं ते उजवं. आपल्या हातानं मोजायला गेलं तर भलतीच दाढ हाती यायची. पेडल त्यांच्यासमोर उताणं पडून, फिरवायच्या दोन बटणांचे डोळे करून त्यांच्याकडे बघत होतं. डॉक्टरांनी गिटारचं सॉकेट पेडलच्या उजव्या, म्हणजे स्वतःच्या डाव्या बाजूला डाख देऊन बसवलं आणि तिथंच गिटारची वायर लावली. गिटार भिंतीवरून काढली, एक तार छेडली, बटण दाबलं. घर दणाणलं. खालून काठीचे दोन ठोके आले.

"चाललं!" डॉक्टरांनी बायकोचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली.

"घरी चाललंय. स्टेज बाकी आहे," गिरकी घेता घेता बायको म्हणाली.

शनिवारी सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. छोट्या नेहमीप्रमाणे कानात बोळे घालून आला होता. स्वतःच्या गिटारपासून तो स्वतःचे कान जपत असे; ऐकणाऱ्यांसाठी मात्र तशी सोय नव्हती. पेडल बघून तो खूश झाला.

"भाऊजी, काय दिसतंय! एकदम फ्रिज!"

"वाजवून तर बघ आधी."

"आत्ता नाही. थेट सोलोला दाबणार. लोक उडाले पाहिजेत." त्यानं जगातला कुठलाही गिटारवाला घालतो तशी, न बघता, आपल्या उजव्या हाताला गिटारची वायर घातली.

बटण बंद असताना असलं पेडल म्हणजे नुसती वायर. इकडून घाला, तिकडून घाला, आवाज जातो. त्यामुळे सुरुवातीची गाणी बिनबोभाट पार पडली. म्हणजे छोट्यानं ती पार पाडली. गायिकेचं तोंड हलताना तेवढं दिसत होतं. मग सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, आला. छोट्यानं केस मागे झटकले, पाय उंच उचलला आणि बटण दाबलं.

गिटार बंद पडली.

छोट्या मात्र थांबला नाही. तो गुडघ्यावर आला, मागे कलला, डोळे मिटून त्यानं तारा अशा काही पिळल्या की बघणाऱ्याच्या दाढा दुखाव्यात. आवाज शून्य. गायिकेनं दोन क्षण इकडेतिकडे पाहिलं आणि पोकळी भरून काढायला गाण्याचं कडवं हळूच पुन्हा उचललं. सभागृहानं तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. गोड होता. मागे बसलेले लोक पुढे सरकून बसले.

तिसऱ्या रांगेत डॉक्टर घामाघूम झाले होते. "उजवं," ते पुटपुटले. "त्याचं उजवं. माझं डावं. अगं, मी पेडलला पेशंट समजलो!"

"हळू बोला, लोक ऐकताहेत."

"संपलं सगळं. बोळे घातलेत त्यानं, त्याला पत्ताच नाही!"

गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले. छोट्यानं कमरेत वाकून त्या स्वीकारल्या.

पडदा पडल्यावर डॉक्टर कबुलीजबाब द्यायला मागच्या खोलीत निघाले, तर वाटेतच गायिकेनं गाठलं. "डॉक्टर, ते पेडल तुम्ही बनवलंत ना? त्याला आता हात लावू नका. किती वर्षांनी मी स्वतःला ऐकलं!"

डॉक्टर आणखीच खजील झाले. आत छोट्या एकटाच घाम पुसत बसला होता.

"छोट्या, माफ कर मला. तुझा सोलो कोणालाच ऐकू आला नाही. आतल्या दोन वायरींची अदलाबदल झालीय. पाच मिनिटांत नीट करून देतो."

"मला पहिल्या झटक्यालाच कळलं, भाऊजी. बोळे घातलेत, बहिरा नाहीये मी."

"मग थांबला का नाहीस?"

छोट्यानं दाराकडे बघून आवाज खाली आणला. "पहिल्या रांगेतली माणसं माझ्याकडे बघून माना डोलवत होती. आजवर माझा सोलो सुरू झाला की लोक पाणी प्यायला जायचे. आज उभे राहिले! त्याला स्क्रू-ड्रायव्हर लावलात, तर आपलं नातं संपलं."

"पण ते बिघडलंय रे!"

"अजिबात नाही. उलट अजून एक बनवा. आपल्या गायिकेच्या माइकला लागेल असं."

घरी आल्या आल्या डॉक्टरांनी एक मोठं खोकं आणलं आणि टेबलावरचं सामान त्यात भरायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" बायकोनं विचारलं.

"शब्द म्हणजे शब्द. स्टेजवर चाललं नाही."

"कोण म्हणतं चाललं नाही? छोट्या खूश, ती बाई खूश, लोक खूश."

"बटण दाबल्यावर आवाज यायला हवा होता. आवाज गेला. विज्ञानाच्या दृष्टीनं हे साफ अपयश आहे."

"विज्ञान ठेवा बाजूला. चाललं म्हणजे चाललं. टेबल तुमचं." तिनं खोक्यातून सोल्डरिंग आयर्न उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं, पक्कडही ठेवली, आणि खुर्ची ओढून डॉक्टरांना तिच्यावर बसवलं. "आता कामाला लागा. निघताना ड्रमवाल्याच्या बायकोनं मला बाजूला घेतलं होतं. म्हणाली, आधी आमच्या ह्यांच्यासाठी तसलंच बनवा."

"त्याला कसं बनवणार? ड्रमला वायरच नसते गं!"

"मग काढा काहीतरी शोधून," बायको म्हणाली आणि ताट घेऊन सोफ्यावर बसली. "टेबल काय उगाच दिलंय?"