हे खोड

"कागद खाली ठेवा, उस्ताद," रेडिओ कार्यक्रमाची निर्माती नेलिदा म्हणाली. "पाद्री मृत्युपत्र वाचतोय असं वाटतंय."

उलिसेस बारेनेचेआने मुकाट्याने कागद ठेवला. त्याने उभा जन्म ब्वेनोस आयरेसच्या नाटकांवर लिहिण्यात घालवला, आणि आता वर्तमानपत्राने नाटकाचं पानच बंद केलं होतं. रेडिओवरची शुक्रवार सकाळची तीन मिनिटं एवढाच काय तो आधार उरला होता. आज जमलं तर जागा त्याची, नाहीतर त्या वेळेला पाककृती सांगणारी एक बाई तयारच होती.

"मला बोलता येत नाही गं," तो म्हणाला. "मला स्वल्पविराम येतो. अर्धविराम तर फारच छान येतो. पण तो ऐकू कुठे येतो?"

"सोपं आहे. डोळे मिटा आणि फोनवर कुणाला तरी नाटकाबद्दल सांगताय असं समजा."

सल्ला चांगला होता, माणूस चुकीचा होता. फोनवर उलिसेस नाटकाबद्दल आजवर फक्त कचेरीतल्या टंकलेखकाशी बोलला होता. नाटक सुटलं की समोरच्या बारमधून फोन लावायचा आणि परीक्षण तोंडी सांगून टंकून घ्यायचं, ही त्याची कायमची रीत. त्याने डोळे मिटले. प्रसारण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

"शीर्षक," उलिसेस खणखणीत आवाजात म्हणाला. "'परिपक्व प्रियकर'. अवतरणात घे. अमादेओ व्हिलाल्बा, स्वल्पविराम, सत्तरी उलटली तरी, हे खोड, आजही प्रेयसीसाठी गच्चीवर चढतो. कंसात, ती त्याच्या नातीच्या वयाची आहे. नको, कंस खोड. चढताना त्याचे गुडघे तिसऱ्या रांगेपर्यंत वाजतात. हेही खोड, बिचाऱ्याला वाईट वाटेल. 'परिपक्व अभिनय' लिही. नायिका संयत. म्हणजे ऐकूच येत नव्हती, पण तू संयत लिही. पूर्णविराम."

त्याने डोळे उघडले. काचेपलीकडे नेलिदा कपाळाला हात लावून बसली होती.

"हे सगळं गेलं?"

"कंसासकट."

तेवढ्यात फोन वाजला. खुद्द अमादेओ! आता बुडालंच आहे, तर वाजतगाजत बुडू दे, असं म्हणून नेलिदाने त्याला थेट प्रसारणात जोडून दिलं.

"उलिसेस, 'परिपक्व' म्हणजे म्हातारा होय रे?"

उलिसेस माइकपासून जरा मागे सरकला. "साधारण."

"गाढवा! तुझी कात्रणं मी भिंतीवर लावली. तुझ्या भरवशावर आजोबांच्या भूमिका नाकारत आलो. दोन सिनेमे गेले माझे!"

"मला वाटलं, तुला कळत असेल."

"मला? अरे, मी नट आहे!"

मग फोन थांबेनात. शहरातला जो तो जुनं कात्रण घेऊन बसला होता.

"'प्रामाणिक प्रयत्न' म्हणजे?"

"पडलं."

"आणि 'नेपथ्य उल्लेखनीय'?"

"बाकी काही नव्हतं."

आपण इतकी वर्षं काय लिहिलं ते कुणाला कळलंच नव्हतं, याची उलिसेसला लाज वाटली आणि हसूही आलं. तीन मिनिटांचा अर्धा तास झाला. नेलिदाने आनंदाने काचेवर चिठ्ठी चिकटवली: जागा तुमची!

शेवटचा फोन आला. "मी एल्विरा."

बायकोचा आवाज ऐकून तो सुखावला. "बोल ना! ऐकलंस का सगळं?"

"ऐकलं. काल मी दिवसभर खपून मका-मटणाचा लोक्रो रांधला. तू त्याला 'संयत' म्हणालास."

उलिसेसने काचेकडे पाहिलं. नेलिदा दोन्ही हातांनी 'बोला, बोला' अशा खुणा करत होती. सारं शहर ऐकत होतं.

"मीठ नव्हतं," तो म्हणाला.

शुक्रवारची जागा त्याला कायमची मिळाली. त्या दिवशीचं जेवण मात्र त्याने कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या दुकानात उभ्याउभ्याच उरकलं.