कॉलमनं धरलं, भावोजींनी सोडलं

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘प्राध्यापक’ म्हणत. चहा ढवळतानाही तो व्याख्यान द्यायचा. केसांच्या कंडिशनरसाठी पॉलिमरचा नमुना आला तो नेमका त्याच्या मेहुण्याकडून, बायकोच्या धाकट्या भावाकडून. मेहुण्याचा नवा कारखाना या एका ऑर्डरवर तगणार होता. प्राध्यापकानं तपासणी छाती पुढे काढून अंगावर घेतली.

कॉलम कोणता लावणार, ऑर्डर ज्यांच्या हातात होती त्या साहेबांनी विचारलं. कॉलम म्हणजे सच्छिद्र मण्यांनी ठासलेली पोलादी नळी. मोठे रेणू छिद्रांत मावत नाहीत, ते आधी बाहेर पडतात; लहान रेणू प्रत्येक छिद्रात डोकावत, रमतगमत मागून येतात.

“पाण्यात विरघळतं ना? मग आपला पाण्याचा कॉलम आहेच. डोळे झाकून लावतो.”

लावला तोही डोळे झाकूनच. नमुना सोडला. नळीतून काही बाहेर पडलं की पडद्यावरची रेघ उसळते; ती सपाट. दुप्पट सोडला. रेघेनं कूससुद्धा बदलली नाही. प्राध्यापकानं तिथेच निष्कर्ष काढला. सख्ख्या मेहुण्यानं बाटलीत नुसतं पाणी भरून पाठवलं!

नातं सांभाळायला दोन शब्द बोलावेत की नाही? या शूर गड्यानं साहेबांना सांगून टाकलं, की पोरगा लहानपणापासूनच लबाड. ऑर्डर तिथल्या तिथे रद्द.

तासाभरात मेहुणा दारात हजर, मागोमाग प्राध्यापकाची बायको. मेहुण्यानं भांडण केलं नाही. टेबलावरची बाटली उचलली, झाकण काढलं आणि साहेबांसमोर उलटी धरली. आतला ऐवज तोंडाशी येऊन मधासारखा लोंबत राहिला.

“भावोजी, तुमच्या नळाला पाणी असं येतं का?”

बाटली सकाळपासून नाकासमोर होती. तिच्यातून नमुना काढताना प्राध्यापकानं स्वतः झटापट केली होती. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायला पगार थोडाच मिळतो? सगळी विद्वान मंडळी पडद्याकडे बघत बसलेली!

मग पॉलिमर गेला कुठे? कॉलममध्येच. त्याच्यावर धन भार, मण्यांवर ऋण भार. भेटताक्षणी घट्ट मिठी. कॉलम निवडताना हेच आधी विचारायचं असतं. साहेबांचा चेहरा मात्र उजळला. केसांवरही ऋण भारच असतो, म्हणजे हा माल केसांनाही असाच चिकटणार. ऑर्डर परत मिळाली, वर आणखी वाढवून. कॉलम तेवढा कायमचा तुंबला.

प्राध्यापकानं लगेच मान ताठ केली आणि बायकोला ऐकवलं, की मालाचा हा गुण उघडकीला आला तो शेवटी त्याच्याच निवडीमुळे.

बायको त्या तुंबलेल्या नळीकडे बघत राहिली.

“हिनं माझ्या भावाचा एक थेंब सोडला नाही,” ती म्हणाली. “तुम्ही अख्खा भाऊ सोडलात.”