हंबीररावांचा बिनधक्क्याचा बार

"तोफा ऐकून पिकल्यालं कान हायती हे! कापसाचं बोळं घालाय मी काय बाळंतीण हाय?" हंबीरराव छाती फुगवून म्हणाले.

एकाहत्तरची लढाई करून उंब्रजला परतलेले हे हवालदार. उसात डुकरं माजली म्हणून त्यांनी परवान्याची रायफल घेतली. पण ती दर बाराला अशी लाथ घाली, की लढाईत मोडून जुळलेला खांदा आठ-आठ दिवस ठणके! शेवटी पलटणीतला जोडीदार आकाराम धावून आला. कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करायचा तो. नळीच्या तोंडाला बसणारी खाचांची पोलादी टोपी त्यानं स्वतः करून आणली.

"ह्यातनं जाळ-धूर बाजूला फुटतो, म्हंजी खांद्याला धक्का कमी," आकारामानं बजावलं. "पर आवाजबी बाजूलाच येतो गड्या, लय वंगाळ! कान झाक, आन् शेजारी कुनी हुबं ऱ्हाऊ नगा."

शेजारचे नानासो मुकाट कानांत कापूस कोंबून बांधामागं गेले. बनुबाईंनी नवऱ्यापुढंही कापूस धरला. हंबीररावांनी तो फुंकरीनं उडवला आणि समोरच्या मडक्यावर नेम धरला.

धडाम्!

धुरळा उठला, डोईची टोपी उसात गेली. खांद्याला मात्र मुंगी चावल्याइतकंही लागलं नाही! हंबीरराव आनंदानं वळले. सगळ्यांची तोंडं हलत होती, आवाज कुणाचाच नव्हता.

"मडकं न्हाई फुटलं!" नानासो ओरडले.

"लाडकं? कोन लाडकं?" हंबीररावांनी ओठांवरून अंदाज बांधला.

"आवं, डाक्टरकडं चला!" बनुबाई रडकुंडीला आल्या.

"टॅक्टर? आगं, ऊस तर अजून हुबा हाय!"

कराडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'पडदा शाबूत आहे. ऐकू येईल. धीर धरा.'

दोन दिवस घर नुसतं मुकं. भाकरी थापलेली दिसे, थाप ऐकू येत नसे. ओसरीवर बसून हंबीरराव पहिल्यांदा घाबरले.

तिसऱ्या सकाळी कानात काहीतरी कुजबुजलं. देव्हाऱ्यापुढं बनुबाई डोळे मिटून म्हणत होत्या, "जोतिबा, ह्यांचं कान परत दे. पुन्ना कवा आवाज चढवनार न्हाई."

हंबीररावांचे डोळे भरून आले. "बने! मला आयकू आलं गं!"

त्या दचकून वळल्या, हसल्या, पदरानं डोळे पुसले. आणि मग भडकल्या!

"आलं आयकू? मग आता आयकाच! त्यो आकाराम घसा फोडून सांगत हुता, तवा कान कुठं गेलं हुतं तुमचं?"

दुपारपर्यंत तोंडाचा पट्टा चालला. हंबीरराव हात जोडून शब्द न् शब्द ऐकत होते. मध्येच एकदा म्हणालेसुद्धा, "जरा मोठ्यानं बोल की!"