दोघांची निळी बोट

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तळ्यावरच्या बोटवाल्याने मला ओळखलं. त्याआधी त्याने मला जन्मात कधी पाहिलेलं नव्हतं.

घटना एवढीच. पण तिच्यामुळे गेले तीन आठवडे मी स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा राहतो आहे, तेव्हा मुळापासून सांगतो.

मी एका दैनिकात काम करतो. दर शनिवारी माझं 'रविवार मोकळा' हे सदर छापून येतं. आमच्यासारख्या ना लहान ना मोठ्या शहरातल्या माणसाने सुट्टीच्या दिवशी जावं कुठे, हा त्याचा विषय. उघड्यावर तळं, टेकडी, सायकलमार्ग, रोपवाटिकेमागची बाग. छपराखाली तारांगण, बॅडमिंटनचा हॉल, स्केटिंग, दोर बांधून चढायची भिंत. दोन वर्षांत एकशे चार लेख! वेळ चुकली नाही, फोन नंबर चुकला नाही, 'स्वच्छतागृह आहे' असं छापलं आणि नव्हतं, असं एकदाही झालं नाही. या शहरात विरंगुळ्याच्या विषयात माझ्याइतका जाणकार दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

फक्त एक. यांतल्या एकाही ठिकाणी मी गेलेलो नाही.

जायचं कशाला? फोन केला की वेळा कळतात, वार कळतात, गाडी कुठे लावायची ते कळतं. उरतं ते वर्णन. वारा मी कायम 'मंद' लिहितो. वाऱ्याने आजवर खुलासा पाठवलेला नाही.

घरून मात्र मी दर रविवारी सकाळी नऊ वाजता 'पाहणीला' म्हणून बाहेर पडतो आणि ऑफिसात जातो. दुसऱ्या मजल्यावर जुन्या अंकांची खोली आहे. त्या खोलीत एक सोफा आहे. त्या सोफ्यावर, गेल्या वर्षीचे अंक उशाला घेऊन, मी एक वाजेपर्यंत झोपतो. घरी रविवारी झोप मिळत नाही. घरी रविवारी पंखे पुसायचे असतात. खालच्या वॉचमनमामांना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मामा, कोणीही विचारू दे, रविवारी मी इथे येत नाही. वहीतही नाव नको."

"साहेब, जीभ कापून देईन," मामा म्हणाले.

त्या वेळी मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मग सासूबाई पंधरा दिवसांसाठी राहायला आल्या. सासूबाईंनी रेल्वेत तीस वर्षं चौकशीच्या खिडकीत काढली आहेत. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे त्यांना तो रांगेत असतानाच कळतं! त्यांनी बॅगेतून एक फाइल काढली. माझे एकशे चार लेख, तारीखवार!

"जावईबापू, या रविवारी आम्ही दोघी तुमच्याबरोबर पाहणीला येणार."

"आई, उन्हातान्हात कशाला?"

"वारा मंद असतो ना?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जावई आणि गप्प? "या की! तळ्यावरचा बोटवाला तर मला लांबूनच हाक मारतो!"

बायकोने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. हे कौतुक लक्षात ठेवा, पुढे ते दिसणार नाही.

रविवारी आम्ही तळ्यावर पोचलो आणि पहिली दहा मिनिटं मी दोघींना तळ्याच्या भिंतीला प्रदक्षिणा घालायला लावली, कारण दार कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. "मुद्दामच इकडून आणलं," मी म्हणालो, "भिंत बघण्यासारखी आहे."

दार सापडल्यावर त्यांना झाडाखाली उभं केलं आणि धावत बोटवाल्याला गाठलं. "दादा, एक उपकार करा. मी इथे नेहमी येतो असं दाखवा."

त्याने मला वरून खाली पाहिलं आणि मान डोलावली. मला वाटलं, समजूतदार माणूस आहे. तो कलावंत निघाला!

"या साहेब, या!" तो एवढ्या जोरात ओरडला की काठावरचे बगळे उडाले. "आज उशीर केलात! नेहमीची निळी बोट ठेवलीय बघा तुमच्यासाठी. दोघांची!"

"दोघांची?" बायको म्हणाली.

"मग! साहेब एकटे बसलेत कधी?" त्याला रंग चढला. "पलीकडच्या काठाला दीड तास थांबतात. आणि आज ती लाल छत्री नाही का आणली, साहेब?"

धंद्याने बातमीदार असल्यामुळे एक गोष्ट मला त्याही अवस्थेत जाणवली. बारकावे भक्कम होते. बोटीचा रंग, वेळ, छत्री! मी एकशे चार लेखांत असं एकही वाक्य लिहू शकलो नव्हतो.

सासूबाईंनी फाइल उघडली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं : लाल छत्री.

"काहीतरीच बोलतोय तो!" मी म्हणालो.

"तो तर तुला लांबूनच हाक मारतो ना?" बायको म्हणाली. "मारली की!"

आम्ही चौघांची बोट घेतली. ती पायांनी चालवायची असते. मी डावीकडे बसलो, बायको उजवीकडे बसली आणि तिने पाय पॅडलवरून उचलून घेतले. एकाच बाजूने जोर लागल्यावर बोटीचं जे होतं ते झालं. अर्धा तास आम्ही घाण्याच्या बैलासारखे एकाच जागी फिरत होतो, आणि दर फेरीला काठावरचा बोटवाला समोर आला की मला डोळा मारत होता.

साडेअकरा वाजता आम्ही स्केटिंगच्या हॉलवर आलो. इथे मी धोरण बदललं. बूट देणाऱ्या बाईंना सरळ विचारलं, "बाई, तुम्ही मला याआधी इथे कधी पाहिलंय?"

"नाही बाई, कधीच नाही."

"बघा!" मी विजयाने वळलो. "ओळखतसुद्धा नाहीत!"

"हो ना," बायको शांतपणे म्हणाली. "मग त्या रविवारी 'स्केटिंगला जातो' सांगून गेला होतास कुठे?"

या प्रश्नाचा मी विचार केलेला नव्हता.

सासूबाईंनी लेख काढून मोठ्याने वाचला. "'पहिल्या दहा मिनिटांत कोणालाही जमतं.' घाला बूट, जावईबापू."

घातले. उभा राहिलो. कोणालाही जमतं ते मला फक्त चार सेकंद जमलं; पाचव्या सेकंदाला माझे दोन पाय दोन वेगवेगळ्या गावांना निघाले! समोर एका छोट्या मुलीचा वाढदिवस चालला होता. मी त्या घोळक्यातून आरपार गेलो, एक फुगा फोडला, दुसरा पोटाखाली घेतला आणि भिंतीपाशी बसकण मारली. कोणीतरी संगीत बंद केलं. पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती.

बायको कठड्यापाशी आली. तिचे डोळे भरले होते. "ती कोण आहे, एवढंच सांग."

आणि मी कोसळलो. म्हणजे कोसळलेला होतोच. आता मनानेही कोसळलो. "कोणी नाही गं!" मी ओरडलो. "मी कुठेच जात नाही! दोन वर्षं एकाही ठिकाणी गेलो नाही! मी रविवारी ऑफिसात झोपतो!"

मग मागून एक आजोबा म्हणाले, "तरीच! तारांगणात वारा मंद कसा, हे मला कळत नव्हतं."

बायकोने डोळे पुसले. अकरा वर्षांच्या संसारात मी तिला पहिल्यांदाच काही संपूर्ण खरं सांगितलं होतं, आणि तिला ते खरं वाटावं अशी तिची फार इच्छा होती, हे दिसत होतं. "खरंच झोपतोस? दाखव."

मला हायसं वाटलं. साक्षीदार होता ना!

सव्वाबाराला आम्ही ऑफिसच्या दारात उभे होतो. वॉचमनमामा उठून उभे राहिले.

"मामा," मी म्हणालो, "यांना सांगा. मी रविवारी कुठे असतो?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. सासूबाईंच्या फाइलीकडे पाहिलं. त्यांची छाती फुगली.

"रविवारी? साहेब इथे येत नाहीत."

"अहो मामा, खरं सांगा! आज खरं सांगायचं आहे!"

"खरंच सांगतोय. दोन वर्षांत एका रविवारी साहेबांना पाहिलं असेल तर जीभ झडेल. ही वही बघा ताई, कुठे नाव आहे का?"

नव्हतं. मीच नको म्हटलं होतं!

मी दोघींना दुसऱ्या मजल्यावर नेलं, सोफा दाखवला. त्याच्यात दोन वर्षांचा खळगा पडलेला आहे. मी आडवा होऊन दाखवलं. साच्यात मूर्ती बसावी तसा बसलो! बायकोने खळग्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. क्षणभर ती विरघळली असं मला वाटलं.

"जुन्या सोफ्यावर कोणीही मावतं," सासूबाई म्हणाल्या.

खाली उतरल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. "कसं काय, साहेब? फुटलो का?" त्यांच्या डोळ्यांत एवढा अभिमान होता की मला रागावताही येईना. मी हात जोडून त्यांना सगळी हकीकत सांगितली, आता खरं सांगितलं तरी चालेल म्हणालो. ते नुसते हसले. "परीक्षा घेताय होय माझी!"

दुसऱ्या दिवशी मी बोटवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, बाबा रे, माझ्या बायकोला फोन कर आणि आपली ओळख नाही असं सांग. त्याने माझ्यासमोरच फोन लावला. "वहिनी, मी साहेबांना ओळखत नाही. साहेबांनीच तसं सांगायला सांगितलंय."

सद्यःस्थिती अशी. सासूबाईंचा पंधरा दिवसांचा मुक्काम बेमुदत झाला आहे. दर रविवारी मी त्या दोघींसोबत खरोखरीच्या पाहणीला जातो. गेल्या खेपेला टेकडी चढलो, वारा चांगलाच जोराचा होता. सदर पूर्वीपेक्षा चांगलं होतं आहे, असं संपादक म्हणतात. बायको माझ्याशी गरजेपुरतं बोलते. परवा तिने स्वतःहून पाणी दिलं, म्हणून मी धीर करून दोघींना म्हणालो, "एकदा नीट जाऊन खोली बघा. कानाकोपरा बघा. माझ्या झोपेशिवाय तिथे काही सापडलं तर बोला!"

काल दोघी ऑफिसात आल्या. सासूबाईंनी कपाटं पाहिली, गठ्ठे पाहिले, मग मला सोफा पुढे ओढायला लावला.

सोफ्यामागे एक लाल छत्री होती.

ती कोणाची आहे ते मला खरोखर माहीत नाही. आम्ही तिघं छत्री घेऊन खाली गेलो आणि वॉचमनमामांना विचारलं. मामांनी छत्रीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून किंचित मान हलवली आणि म्हणाले,

"कुठली छत्री?"